घरची बोलेरो, घरचाच पान्हा : कोणती कामं दारात करावीत आणि कोणती गॅरेजवरच सोडावीत

अहिल्यानगर : जिल्ह्यातल्या कुठल्याही मोठ्या गावात सकाळी चक्कर मारली की चार-सहा दारांत बोलेरो, स्कॉर्पिओ, इनोव्हा नाहीतर जुनी सुमो उभी दिसते. लग्न, दवाखाना, बाजार समिती, शिर्डी, पंढरपूर, सगळं त्याच एका गाडीवर. कंपनीची सर्व्हिस मात्र तालुक्याला, नाहीतर थेट नगर किंवा संगमनेरला. एक दिवस मोडतो, बिल वेगळंच. म्हणून गावोगावचे गाडीमालक एकमेकांचं बघून बरीच कामं दारातच उरकतात. एकाकडे हायड्रॉलिक जॅक, दुसऱ्याकडे ट्रॅक्टरची ग्रीसगन, तिसऱ्याकडे गोटी पान्ह्यांचा डबा. यात पैसे वाचतात आणि गाडी समजते. पण जॅकवरची गाडी अंगावर येणं, ब्रेकमध्ये भलतंच तेल पडणं, फ्यूजच्या जागी तार घातल्यानं वायरिंग पेटणं हेही अशाच घरगुती कामांतून होतं. त्यामुळे कुठपर्यंत हात घालायचा, हे आधी ठरलेलं बरं.

बोलेरो बाजारात आली २००० साली आणि स्कॉर्पिओ २००२ साली. दोन्ही गाड्या शेजारच्या नाशिकमध्ये तयार होत आल्या. या गाड्या मजबूत चासीवर बसवलेल्या, मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या. बोलेरोला मागे ट्रॅक्टर-ट्रॉलीसारखे पाटे. म्हणूनच ट्रॅक्टर खोलणाऱ्या शेतकऱ्याला त्या परक्या वाटत नाहीत. मात्र १ एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ डिझेल गाड्या दिसायला तशाच असल्या तरी आतून वेगळ्या आहेत. 'आपण सुमोला असंच करायचो' हे अशा गाडीला लावू नये.

सकाळची पाच मिनिटं

लष्करात गाडी बाहेर काढण्याआधी चालकानं करायच्या तपासणीला 'फर्स्ट परेड' म्हणतात. नगरला रणगाडा दलाचं प्रशिक्षण केंद्र आहे आणि जिल्ह्यात माजी सैनिकांची घरंही पुष्कळ. ज्या गावात फौजेतला निवृत्त ड्रायव्हर आहे, तिथं ही पद्धत त्याच्याकडूनच शिकावी. गाडीखाली वाकून तेलाचा डाग बघायचा, चारही टायरवर नजर टाकायची, बॉनेट उघडून तेल, कुलंट, ब्रेक ऑईल यांच्या खुणा बघायच्या, लाइट आणि हॉर्न तपासायचे. एवढंच. यासाठी एकही पान्हा लागत नाही, आणि वाटेत बंद पडणाऱ्या गाड्यांची निम्मी लक्षणं इथंच सापडतात.

इंजिन ऑईल बघताना गाडी सपाट जागेवर हवी आणि इंजिन बंद करून निदान पाच-दहा मिनिटं झालेली हवीत. पट्टी काढायची, पुसायची, पुन्हा पूर्ण आत घालून मग बघायची. खालच्या आणि वरच्या खुणेच्या मध्ये तेल असलं की झालं. 'थोडं जास्त असलेलं चांगलं' म्हणून वरच्या खुणेच्या वर भरू नये. जास्तीचं तेल फेसाळतं आणि सील दाबतं. डिझेल गाडीचं तेल काळं दिसणारच, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण तेल दुधाळ चहासारखं दिसलं तर त्यात पाणी जातंय. मग गाडी हलवायची नाही, मिस्त्रीला बोलवायचं.

तेल बदलणं : सोपं, पण तीन ठिकाणी चुकतं

ऑईल आणि फिल्टर बदलणं हे घरी करता येण्यासारखं काम आहे. बऱ्याच गाड्यांना १० हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, यातलं जे आधी येईल ते, असा हिशोब असतो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात बघावा. सतत धुळीत, ओझ्यावर किंवा छोट्या फेऱ्यांना चालणाऱ्या गाडीला त्याआधीच बदललेलं बरं.

पहिली चूक तेलाच्या जातीची. जुन्या डिझेल गाड्यांना चालणारं पंधरा डब्ल्यू चाळीस तेल ट्रॅक्टरसाठी आणलेल्या कॅनमधून बीएस-६ गाडीत ओतलं जातं. बीएस-६ डिझेलच्या सायलेन्सरमध्ये काजळी अडवणारा डीपीएफ नावाचा फिल्टर असतो. त्याला कमी राख होणारं तेल लागतं. साधं तेल जळून जी राख होते ती त्या फिल्टरमध्ये कायमची बसते. डब्यावर काय लिहिलंय ते पुस्तकातल्या ग्रेडशी अक्षरशः जुळवून बघावं. दोघातिघांची एकाच मॉडेलची गाडी असेल तर मोठा कॅन मिळून घेतल्यास स्वस्त पडतो, पण 'मिळून' म्हणजे एकाच ग्रेडच्या गाड्या.

दुसरी चूक खालच्या नटाची. हा नट ताकदीनं आवळला की चेंबरचे आटे जातात आणि पाचशेचं काम हजारात जातं. त्याखालचा वायसर दरवेळी नवा घालावा. फिल्टरच्या रबराला थोडं तेल लावून तो हातानंच बसवायचा. रबर टेकल्यावर साधारण पाऊण फेरा पुरे, पान्हा लावायचा नाही. जुन्या फिल्टरचं रबर इंजिनलाच चिकटून राहिलं आहे का ते आधी बघावं. दोन रबरं एकावर एक बसली की गाडी सुरू होताच सगळं तेल बाहेर येतं.

तिसरी चूक घाईची. नवीन तेल भरल्यावर गाडी मिनिटभर नुसती चालू ठेवून खाली थेंब पडतोय का ते बघायचं, बंद करून पुन्हा पट्टी तपासायची आणि मगच बाहेर काढायची.

निघालेल्या काळ्या तेलाचं काय? सरकारच्या २०१६ च्या नियमांनुसार वापरलेलं तेल हा घातक कचरा आहे. ते ओढ्यात, उकिरड्यावर किंवा विहिरीच्या काठाला ओतणं म्हणजे आपल्याच पिण्याच्या पाण्यात ओतणं. गावात ते दारं-वासे रंगवायला, स्लॅबच्या फळ्यांना लावायला वापरतात. उघड्या हातानं ते हाताळू नये आणि चुलीत तर अजिबात जाळू नये. झाकणाच्या कॅनमध्ये साठवून तालुक्याच्या मोठ्या गॅरेजला किंवा परवानाधारक गोळा करणाऱ्याला द्यावं.

धूळ

पारनेर, कर्जत, जामखेड, पाथर्डी भागात मुरमाच्या रस्त्यावर उन्हाळ्यात गाडी चालवणं म्हणजे इंजिनाला धूळ खाऊ घालणं. शहरातल्या गाडीला एअर फिल्टर जितके दिवस पुरतो तितके इथं पुरत नाही. फिल्टरचा डबा बहुतेक गाड्यांत क्लिपा किंवा चार स्क्रू काढले की उघडतो. कागदी फिल्टर हलक्या हातानं आपटून धूळ झाडावी. हवा मारायची तर आतून बाहेर, कमी दाबानं आणि लांबून. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची नळी टेकवून मारली तर कागदाला बारीक छिद्रं पडतात, आणि छिद्र पडलेला फिल्टर न बसवल्यासारखाच. फिल्टरमागे मोबाईलची बॅटरी धरून प्रकाश ठिपक्यासारखा दिसतो का ते बघावं. दिसला तर फेकावा. कागदी फिल्टर पाण्यानं धुवायचा नाही. दोन-तीनदा झाडून झाल्यावर नवा घालावा. टर्बोपुढे फिल्टरची किंमत काहीच नाही.

बोअरचं पाणी आणि गरम इंजिन

घरगुती कामांत सगळ्यात जास्त नुकसान बहुधा इथं होतं. इंजिन तापलं की माणूस पहिलं काय करतो, तर रेडिएटरचं झाकण उघडतो. आतलं पाणी दाबाखाली असतं, त्यामुळे शंभर अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण ढिलं होताच दाब जातो आणि ते वाफेसकट तोंडावर येतं. फडकं धरून उघडलं तरी भाजतं. इंजिन पूर्ण थंड होईपर्यंत, म्हणजे अर्धा-पाऊण तास तरी, झाकणाला हात लावायचा नाही. उसाच्या हंगामात ट्रॉल्यांच्या मागं पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये करंजी किंवा इमामपूर घाट चढताना काटा वर जाऊ लागला तर एसी बंद करावा, हीटर पूर्ण सोडावा आणि जागा मिळताच बाजूला थांबावं. हीटर सोडला की इंजिनातली उष्णता गाडीत येते. आतल्यांना त्रास होतो, पण इंजिन वाचतं.

दुसरं पाण्याचं. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार किती असतात हे घरातल्या नळाच्या तोटीवर आणि पाण्याच्या बंबात दिसतंच. तोच पांढरा थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसतो. कुलंट कमी झालं तर तयार मिश्रण किंवा कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं करून घालावं. अडचणीत वाटेत साधं पाणी टाकावं लागलं तर टाकावं, पण नंतर सगळं काढून बदलावं. हिरवं, लाल, निळं असं वेगवेगळ्या जातीचं कुलंट एकत्र करू नये. आणि सारखं कमी होत असेल तर नुसतं भरत बसण्यात अर्थ नाही; ते कुठंतरी जातंय.

डिझेल, युरिया आणि फवारा

डिझेल फिल्टरच्या तळाला साचलेलं पाणी सोडण्याची सोय बऱ्याच गाड्यांत असते. पाण्याचा दिवा लागला किंवा कॅनमधून डिझेल भरलं असेल तर ते सोडून द्यावं. फिल्टर बदलल्यावर लाइनमध्ये हवा अडकते. हातपंप असेल तर तो घट्ट होईपर्यंत दाबून मगच स्टार्टर मारावा.

मात्र कॉमनरेल इंजिनाच्या जाड लोखंडी पाइपांना हात लावू नये. ट्रॅक्टरला पाइपचा नट ढिला करून हवा काढायची सवय असते, ती इथं जीवघेणी आहे. टायरमध्ये दोन-अडीच बार दाब असतो. या पाइपांत चालू इंजिनावर तो हजार बारच्याही वर जातो. न दिसणारी बारीक धार कातडी फोडून आत शिरते. वरून फक्त टोचल्यासारखं दिसतं, पण आत डिझेल पसरलेलं असतं. असं झालं तर हळद लावून घरी थांबू नये, ताबडतोब शस्त्रक्रियेची सोय असलेला दवाखाना गाठावा.

काही बीएस-६ डिझेल गाड्यांना वेगळ्या टाकीत डीईएफ नावाचं द्रव लागतं. ते ३२.५ टक्के शुद्ध युरियाचं पाणी असतं. 'मग गोणीतला युरियाच कालवू' ही शक्कल काढू नये. शेतीच्या युरियावर निंबोळी तेलाचा थर असतो आणि त्यात इतरही अशुद्धता असतात. त्यानं महागडी यंत्रणा बाद होते. शिवाय अनुदानाचं खत शेतीबाहेर वापरणं हा गुन्हा आहे.

टायर आणि जॅक

हवेचा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरील स्टिकरवर असतो. टायर थंड असताना बघावी, आणि पूर्ण भरून पंढरपूरला निघताना स्टिकरवरचा भरलेल्या गाडीचा आकडा घ्यावा. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरला आली की टायर संपला. टायरच्या खाचांत आडवे बारीक उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की बदलायचं. बाजूवर चार आकडे छापलेले असतात : २३२१ म्हणजे २०२१ सालचा २३ वा आठवडा. जुना टायर 'नवीन' म्हणून घेताना हे बघितलेलं चांगलं.

चाक बदलताना आधी नट जमिनीवरच ढिले करावेत, मग गाडी उचलावी. जॅक चासीखाली किंवा पुस्तकात दाखवलेल्या जागीच लावावा आणि मऊ मातीत खाली जाड फळी द्यावी. इथं एक गोष्ट फार जणांना माहीत नसते. मागच्या चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीचं एक मागचं चाक उचललं की गिअरमध्ये ठेवूनही गाडी धरत नाही, कारण डिफरन्शियलमुळे ते हवेतलं चाक मोकळं फिरतं. हँडब्रेक धरतो तो फक्त जमिनीवर राहिलेल्या एका मागच्या चाकावर. म्हणून पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी मोठे दगड लावल्याशिवाय मागचा जॅक चढवू नये.

नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कुणी, अगदी ग्रीस मारायला दोन मिनिटंही, जाऊ नये. लोखंडी स्टँडचा जोड चार घरांनी मिळून घेतला तर तो जॅकपेक्षा जास्त कामाला येईल. विटा आणि ब्लॉक चालत नाहीत, ते एकदम फुटतात. नट आवळताना एकाआड एक, समोरासमोर घ्यावेत आणि पन्नासेक किलोमीटर गेल्यावर पुन्हा एकदा तपासावेत.

ब्रेक : इथं हात आखडता घ्यावा

ब्रेक ऑईलची पातळी बघणं आणि डब्यावरच्या झाकणावर लिहिलेलं, डॉट ३ किंवा डॉट ४, तेच घालणं एवढंच घरी करावं. पॉवर स्टिअरिंगचं किंवा इंजिनचं तेल थेंबभरही गेलं तर आतली रबरं फुगतात आणि पूर्ण यंत्रणाच बदलावी लागते. ब्रेक ऑईल हवेतला ओलावा शोषतं. ओलावा असलेलं तेल उतारावर तापलं की त्याची वाफ होते आणि पेडल तळाला जातं. बहुतेक कंपन्या ते दर दोन वर्षांनी बदलायला सांगतात आणि जुन्या गाड्यांत हेच काम कुणी करत नाही. पातळी हळूहळू उतरत असेल तर पॅड झिजलेत किंवा कुठं गळतंय. पॅड, लायनर बदलणं, ब्रेकमधली हवा काढणं ही कामं एखाद्याला जमतही असतील, तरी गाडीत घरचे सात-आठ जण बसणार असतील तर ती मिस्त्रीकडूनच करून घ्यावीत.

चंदनापुरी घाटात उतारावर डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रल करणारे आजही भेटतात. यात बचत नाहीच. गिअरमध्ये असताना एक्सलेटरवरून पाय काढला की आजची इंजिनं डिझेल जवळजवळ पूर्ण बंद करतात. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू राहण्यापुरतं डिझेल जळतच राहतं. वर सगळा भार एकट्या ब्रेकवर. चावी बंद केली तर त्याहून वाईट : दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा होतो, स्टिअरिंग जड होतं आणि चावी काढली तर लॉकही पडू शकतं.

बॅटरी आणि वायरी

टर्मिनलवर आलेली पांढरी-हिरवी बुरशी गरम पाणी आणि खायच्या सोड्यानं निघते; कोरडं करून वर व्हॅसलीन लावावी. वायर काढताना आधी निगेटिव्ह, लावताना निगेटिव्ह शेवटी. दुसऱ्या गाडीवरून करंट घ्यायचा तर प्लसला प्लस, मग चालू गाडीच्या मायनसची वायर बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. कारण बॅटरीतून निघणारा वायू ठिणगीनं पेटतो. मोठ्या ट्रक, हायवाला २४ व्होल्ट असतात. त्यावरून बोलेरोला करंट देऊ नये.

फ्यूज उडाला तर त्याच रंगाचा घालावा : लाल १०, निळा १५, पिवळा २०, हिरवा ३० अँपिअर. पुन्हा उडाला तर वायर कुठंतरी टेकतेय. तिथं सिगारेटच्या पाकिटाची चांदी किंवा तार घातली की फ्यूजऐवजी वायरिंग जळतं. जादा लाइट, मोठे हॉर्न, स्पीकर लावताना स्वतंत्र रिले आणि फ्यूज हवाच. वॉरंटीतल्या गाडीची मूळ वायर कापू नये. घरामागं गोठा, कणगी असेल तर उंदरांनी कुरतडलेल्या वायरी आठवड्यातून एकदा बघाव्यात. आणि पिवळ्या आवरणातल्या वायरी बहुधा एअरबॅगच्या असतात, त्यांना कुणीच हात लावायचा नाही.

पावसाळ्यात प्रवरा, मुळा किंवा गोदावरीकाठी पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्टर मारू नये. इंजिनात पाणी गेलं असेल तर ते दाबलं जात नाही, आतला दांडा वाकतो. ढकलून बाहेर काढावी आणि उचलून गॅरेजला न्यावी.

वही, बिलं आणि हक्क

घरी केलेल्या प्रत्येक कामाची तारीख, किलोमीटर आणि सामान वहीत लिहावं. तेल-फिल्टरची पक्की बिलं जपावीत. वॉरंटीचा वाद झाला किंवा गाडी विकायची झाली तर तीच बोलतात. वॉरंटी असेपर्यंत ठरलेली सर्व्हिस अधिकृत ठिकाणीच करावी. डुप्लिकेट सामान सर्वात जास्त फिल्टर आणि ब्रेक पॅडमध्ये येतं, म्हणून ते अनोळखी दुकानातून बिलाशिवाय घेऊ नये. इंजिनचा दिवा लागल्यावर मोबाईलला जोडायचा स्कॅनर गावात एखाद्याकडे असतो. तो बिघाडाचा कोड सांगतो, कारण सांगत नाही. कोड पुसला म्हणजे गाडी दुरुस्त झाली असं नव्हे. टायमिंग बेल्ट असलेल्या गाड्यांत, उदाहरणार्थ जुन्या डिझेल इनोव्हात, बेल्ट ठरलेल्या किलोमीटरला बदलावाच लागतो. तुटला तर इंजिनच खोलावं लागतं आणि हे काम दारात होत नाही.

केंद्र सरकारनं डिसेंबर २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' पोर्टल सुरू केलं. त्यावर सहभागी वाहन कंपन्यांची दुरुस्ती, सुटे भाग आणि वॉरंटीची माहिती एका ठिकाणी मिळते. बिलावरून किंवा सामानावरून तक्रार असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. राष्ट्रीय महामार्गावर गाडी बंद पडली तर १०३३, अपघात झाला तर ११२. हे तीन आकडे डॅशबोर्डच्या कप्प्यात कागदावर लिहून ठेवावेत. नेमक्या वेळी मोबाईलची बॅटरी उतरलेली असली तर शेजारच्याच्या फोनवरून लावता येतील.